गुलाब बिछायत केंद्र : येथे क्रोशाची फुलं मिळतील

८ फेब्रुवारी २००९, रविवार. फुलचूर.

सिमेंटवाल्याने फुकट दिलेली डायरी. जानेवारी कोरा गेला. आजपासून लिहायचं. घरात एक मोठं काम हाती घेतलं आहे आणि ते कोणाला सांगता येण्यासारखं नाही.

मी अंगणात सतरंज्या मोजत होतो. मागच्या खोलीत संघदीप आणि सूनबाई स्नेहल हळू आवाजात बोलत होते. हळू बोलून माझ्यासमोर उपयोग नाही. बांबू जमिनीत एक फूट गेला की दीड, हे मी ठोक्याच्या आवाजावरून सांगतो. तर ऐकू आलं ते असं: नागपूर. जून. दोन खोल्या. मित्राची डेकोरेशनची कंपनी. स्नेहल म्हणे, मामाजीले, म्हणजे मला, तुमीच सांगजा, मी नाई सांगत. संघदीप म्हणे, अल्काचं लगन होऊन जाऊ दे, मग सांगतो.

अल्का म्हणजे स्नेहलची लहान बहीण. मे महिन्यात लग्न आहे, कोहमाऱ्याला. म्हणजे ते आटोपलं की माझा एकुलता एक पोरगा घर सोडणार.

मुर्री गावच्या झोपडीतून निघालो तेव्हा दोन सतरंज्या आणि एक पेट्रोमॅक्स होता. आज दोन टेम्पो आहेत. गुडघ्यामुळे मी आता बांबूवर चढत नाही, संघदीप चढतो. तो गेला तर गुलाब बिछायत केंद्राचा मंडप जमिनीवर अंथरावा लागेल.

घाबरलो नाही. संघदीप गाडी आहे, बैल स्नेहल आहे. बैल धरायचा.

९ फेब्रुवारी

प्लॅन तयार.

माणसाचा हात धरला तर तो सोडवून घेतो. त्याचं काम धरलं तर सोडवता येत नाही. स्नेहल दुपारी क्रोशाची लहान लहान फुलं विणते. मी ते शिकणार. रोज एक तास तिच्याजवळ बसणार. महिनाभरात तिला वाटलं पाहिजे, हा सासरा नाही, बाप आहे. बापाला सोडून कोणी नागपूरला जात नाही.

शिवाय माझा नियम आहे: जे काम मालकाला येत नाही त्यात मजूर फसवतो. भट्टी, जनरेटर, पडदे, सगळं मी स्वतः शिकलो. सुई काय मोठी.

भागीरथाला अर्धंच सांगितलं. ती म्हणे, सुई कायले पाह्यजे तुमाले? सुनेशी चांगलं राहाचं असन त दोन शब्द गोड बोला, नाई त तिच्या दुपारच्या वक्ताले तिले एकटं सोडा.

बायकोला स्ट्रॅटेजी कळत नाही. चांगली आहे बाकी.

११ फेब्रुवारी, बुधवार

पहिला धडा. जेवण झाल्यावर सरळ मागच्या खोलीत गेलो. स्नेहल आडवी पडून फोनवर आईशी बोलत होती. मला पाहून उठली, डोक्यावर पदर घेतला, स्टुलावर ताठ बसली. तासभर तशीच ताठ. किती आदर.

आधी साखळी. फंदा करायचा, सुईने दोरा ओढायचा, फंद्यातून फंदा. माझी साखळी घट्ट आली. ती म्हणे, मामाजी, दोरा सैल धरा. मी म्हटलं, बाई, सैल धरून मंडप उभे राहिले असते तर गोंदियात प्रत्येक जण मंडपवाला झाला असता. दोरा तुटला. क्वालिटी नाही.

१६ फेब्रुवारी

साखळी जमली. खाटेपासून दारापर्यंत केली. स्नेहल म्हणे, सहा फंदे झाले की थांबाचं आणि गोल कराचा. मी म्हटलं पाया मोठा पाहिजे. ती म्हणे, फुलाले कायचा पाया जी? तरुण आहे. शिकेल.

ती आता दुपारी आडवी पडत नाही. जेवण झालं की स्वतःच स्टुलावर बसून दाराकडे पाहत राहते. वाट पाहते. प्लॅन चालू आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

पहिलं फूल तयार. पाच पाकळ्या पाहिजे होत्या, सात आल्या. कमी असत्या तर गोष्ट वेगळी. भागीरथाच्या तळहातावर ठेवलं. तिने उलटं केलं, सुलटं केलं आणि विचारलं, हे वळून राहिलं काऊन? भजं होय का?

मग ती आत गेली. मी बाहेर बसून ऐकलं. दोघी तोंडावर पदर धरून हसत होत्या. भागीरथा म्हणे, माह्या लग्नाले तीस वर्षं झाले, मी भजे तळून राहिली, हे आज विणून राहिले. स्नेहल हसता हसता खोकत होती.

या घरात सासू-सून एकत्र हसल्याचं मला आठवत नाही. श्रेय कोणाचं, ते इथे लिहून ठेवतो. माझं.

३ मार्च

लायटिंगवाला मुन्नालाल हिशेबाला आला. मी ओसरीत सुई घेऊन बसलो होतो. म्हणे, क्या गुलाब सेठ, खुद को ही बुन रहे हो? आणि स्वतःच हसला. त्याला जळफळाट होतो हे जुनं आहे.

पण तो गेल्यावर डोकं चाललं. मे महिन्यात झेंडू दुपारपर्यंत मान टाकतो. प्लास्टिकचं फूल दुरून प्लास्टिक दिसते. क्रोशाचं फूल एकदा विणलं की लग्नामागून लग्न. धुवा, लावा. हे आजवर जिल्ह्यात कोणी केलं नाही. आणि पहिलं लग्न कोणाचं? अल्काचं. स्नेहलच्या माहेरचा मंडप माझ्याकडून फुकट, माझ्या हातच्या फुलांनी सजलेला. सून जन्मभर मान वर करणार नाही.

स्नेहलच्या वडिलांना, उदारामजींना, फोन लावला. ते म्हणे, इवाईबुवा, आमचं मंडपवाल्याशी ठरलं हाये जी, शब्द देल्ला हाये. मी म्हटलं, शब्द परत घ्या. ते म्हणे, अजी पण तो आमच्याच गावचा हाये. मी म्हटलं, मग मी कोणाचा आहे? बरं जी, म्हणाले आणि फोन ठेवला. गहिवरले असावेत.

१५ मार्च, रविवार

गोंदियाहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. स्नेहलने दारावरचं तोरण विणून द्यायचं कबूल केलं होतं म्हणे. मला माहीतच नाही. स्नेहल बाजारात गेली होती. मी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की आता हे काम फर्मकडे आहे, सूनबाई लग्नाच्या ऑर्डरमध्ये बिझी आहेत, जूननंतर या. बाई म्हणाल्या की त्यांना एप्रिलमध्ये पाहिजे होतं. मी म्हटलं, मग दुसरीकडे पाहा, आमचा आग्रह नाही. धंद्यात मान असा ठेवावा लागतो.

स्नेहलला सांगितलं. तिने चहा दिला. बिनसाखरेचा. मला शुगर नाही, पण या वयात होऊ शकते याची तिला काळजी.

संघदीप जेवायला बसला नाही. पोट बिघडलं असेल. उन्हाळा लागला.

२९ मार्च, रविवार

आज थोडा तात्त्विक वाद झाला.

फूल पूर्ण झालं की स्नेहल दोरा कापते, शेवटच्या फंद्यातून ओढून घेते, पक्का आवळते आणि टोक सुईने पाकळीच्या आत लपवते. मला रोज तेच सांगते, मामाजी, शेवट बंद करा. मी करत नाही. मी आमची गाठ मारतो आणि टोक बाहेर ठेवतो.

तिला समजावून सांगितलं. आपल्या धंद्यात पक्की गाठ मारतो तो गाढव. वरात गेली की मंडप उतरवून दुसऱ्या गावी न्यायचा असतो. टोक ओढलं की गाठ एका झटक्यात सुटली पाहिजे आणि दोरी हातात आली पाहिजे. मी आमच्या मजुराला, शालीकरामला, हेच शिकवलं, संघदीपला हेच शिकवलं. आजवर एकही दोरी कापावी लागली नाही. जी गाठ सुटत नाही ती गाठ म्हणजे नुकसान.

ती म्हणे, पण मामाजी, फूल सोडाचं नसते ना.

मी म्हटलं, आज नसते. उद्या दोरा पुन्हा वापरता येईल.

तिने संघदीपकडे पाहिलं. संघदीपने पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, लाइट गेली होती.

५ एप्रिल

प्रॉडक्शन जोरात. निवडणुकीच्या सभा चालू आहेत, रोज एक गाव. वर भाषण, खाली स्टेजच्या सावलीत मी आणि माझी सुई. पांढरं फूल, निळं फूल. बोटं चालतात, मध्ये पाहावंही लागत नाही. एक फूल चौकोनी आलं. व्हरायटी म्हणून ठेवलं.

शालीकराम माझा सगळ्यात जुना माणूस. म्हणे, मालक, बांबूले बी स्वेटर विना आता. पोरं हसली. मी पण हसलो. मालकाने मजुरासोबत हसावं, काम जास्त निघते.

पेंटरला बोलावून बोर्डावर खाली एक ओळ टाकून घेतली: येथे क्रोशाची फुलं मिळतील. स्नेहलने अंगणातून वाचलं. बराच वेळ वाचत होती. छोटीच ओळ आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. विहारासमोरचा मंडप दरवर्षीसारखा आपला. या वर्षी कमिटीच्या सगळ्यांच्या खिशाला माझ्या हातचं एकेक निळं फूल लावलं. छान दिसत होतं. वंदना झाली, भाषणं झाली, रॅली निघाली. रॅली परत आली तेव्हा अध्यक्षांच्या खिशाला फूल नव्हतं, वीतभर दोरा लोंबत होता. सचिवांचं तेच. खजिनदार म्हणे, गुलाबभाऊ, तुमचं फूल चालता चालता कमी होत गेलं जी.

उन्हाने दोरा आकसतो. हे आधी लक्षात यायला पाहिजे होतं. मंडपात कूलर ठेवू म्हणजे प्रश्न नाही.

२६ एप्रिल, रविवार

आज मोठी बातमी. सावकाश लिहितो.

मी अंगणात खाटेवर डोळे मिटून पडलो होतो. आत दोघं बोलत होते. संघदीप म्हणे, काही झालं तरी जून. स्नेहल मग म्हणे, ऐका ना. अल्काचं लगन नीट पार पडलं त मी राहाले तयार हावो. दुपारी डोक्यावर बसतेत, माही ऑर्डर घालवली, सारं खरं हाये. पण माह्या बाबाचं एवढं वझं उचलून राहिले. मानूस वाईट नाईत ते. लगन नीट होऊ द्या, मग आपन नागपूरचं नाव नाई काढू.

उठून बसावंसं वाटलं. बसलो नाही. झोपल्याचं नाटक चालू ठेवलं. बैल गोठ्यात आला.

बाप आहे असं नाही म्हणाली, पण "माणूस वाईट नाहीत" म्हणाली. सुरुवात इथूनच होते.

३ मे, रविवार

नवरा-नवरीचे हार. दोन मी विणले, दोन स्नेहलने विणले. तिचे हार जरा घट्ट आहेत. प्रत्येक टोक लपवलेलं. जीव नाही त्यात. माझे मोकळे आहेत, वाऱ्यावर हलतात.

संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पदर नीट केला. म्हणे, मामाजी, आजवर मी काही मांगलं नाई तुमाले. माह्या बहिनीचं लगन हाये. तिच्या गळ्यात माह्या हातचा हार पडू द्या. बाकी मंडपभर तुमची फुलं लावा.

डोळ्यात पाणी होतं. मी म्हटलं, बाई, हे काय मागणं झालं? दिलं.

नंतर शांतपणे विचार केला. हार म्हणजे फोटो. फोटो म्हणजे घरोघरी अल्बम. अल्बममध्ये फर्मचा माल दिसला पाहिजे की सुनेचा छंद? तिचे हार कागदात गुंडाळून घरच्या पेटीत ठेवून दिले, म्हणजे खराब होणार नाहीत. माझे डब्यात भरले. तिला सांगायची गरज नाही. लग्नाच्या गडबडीत हार तो हार.

१६ मे, शनिवार. कोहमारा.

मंडप उभा. पांढरं कापड, निळी झालर. हायवेवरचे ट्रकवाले ढाब्यावरून उठून पाहायला येतात. ऊन असं की बांबूला हात लावला की चटका.

स्टेजच्या तोंडाशी माझ्या फुलांच्या माळा सोडल्या, वरून खालपर्यंत. दोन्ही बाजूंना मोठे कूलर. फुलं हलतात, टोकं फडफडतात.

स्नेहल खाली उभी राहून वर पाहत होती. म्हणे, मामाजी, टोकं तरी आत खोसू द्या मले, मी रातभर बसतो. मी म्हटलं, तू नवरीची बहीण, मेंदी लाव, मिरव. मग तिने हार विचारले. मी म्हटलं, डब्यात आहेत. डब्यात होतेच.

उदारामजी सगळ्यांना सांगत फिरत होते, आमच्या इवाईनं सोता विनलं जी, सोताच्या हातानं. माझ्याकडे पाहून हात जोडले. बरं वाटलं. ज्या माणसाला मुर्रीत कोणी सतरंजीवर बसू देत नव्हतं, त्याच्या सतरंजीवर आज दोन गावं बसणार.

१८ मे, सोमवार

जे झालं ते जसं झालं तसं लिहितो. गवगवा जास्त झाला आहे.

लग्न काल दुपारचं. वऱ्हाड वेळेवर. कूलर चालू केले. एका लहान पोराने माळेचं टोक हातात धरलं आणि ओढलं. फूल सर्रकन उलगडलं, त्याच्या हातात नुसता दोरा. त्याला मजा वाटली. त्याने दुसरं ओढलं. मग बाकीची पोरं आली. पोरं म्हटली की पोरं, आईबापांनी लक्ष ठेवायला पाहिजे. शालीकराम धावला, पण एका माळेपासून दुसरीपर्यंत जाईस्तोवर पहिली सुटत होती. मग वऱ्हाडातले मोठे लोकही बसल्या जागी हात लांब करू लागले.

तरी त्रिशरण, पंचशील शांततेत झालं. मग हार. अल्काने नवऱ्याच्या गळ्यात हार घातला. टाळ्या. फोटोवाला म्हणे, हार थोडा सरळ करा. आणि त्या शहाण्याने स्वतःच एक टोक धरून सरळ केलं.

गाठ सुटली. ती सुटायचीच होती, काम चोख होतं. फुलामागून फूल उलगडत गेलं. कूलरच्या वाऱ्याने दोरा नवऱ्याच्या चष्म्यात, घड्याळात, कानात. तो सोडवायला गेला आणि अल्काच्या बांगड्यांत अडकला. हार गेला, दोघांच्या मांडीवर दोऱ्याचा गुंता राहिला.

मुलाचे मामा नंदलालजी, वजनदार माणूस, उभे राहून म्हणाले, पोरीच्या बापानं हार देल्ला का पतंगाचा मांजा? अख्खा मंडप हसला. मुलाकडच्या बाया म्हणू लागल्या, सोयरिकीत असंच एकेक उसवत जाईन का? उदारामजी हात जोडून उभे. आदल्या दिवशी जोडले होते तसेच, पण तोंड माझ्याकडे नव्हतं.

अशा वेळी माणसाची परीक्षा असते. तीस वर्षांचं नाव, समोर दोन गावं. मी माइक घेतला. म्हटलं, मंडळी, मंडप आमचा आहे, तो पाहा, एक बांबू हलला का? हार आमच्या सूनबाईंच्या हातचे आहेत. नवशिकी आहे, आपली समजून माफ करा.

लोक पुन्हा हसले, पण मायेने. वातावरण निवळलं. फर्मचं नाव वाचलं. जेवताना नंदलालजींनी माझं कार्ड मागून घेतलं.

स्नेहल तेव्हा स्टेजवर होती, अल्काच्या बांगड्यांतला दोरा सोडवत होती. तिने वर पाहिलं नाही. तिच्या आईने मात्र सगळ्यांसमोर विचारलं, बाई, एवढी बी गाठ मारता येत नाई का व तुले? स्नेहल म्हणे, नाई येत.

पाहा, तिनेही सांभाळून घेतलं. घरचं माणूस असंच असलं पाहिजे. बाहेरच्यावर ढकललं असतं तर भांडण झालं असतं. घरातलं घरात मिटते.

परत येताना भागीरथा कॅबिनमध्ये बसली नाही. मागे सतरंज्यांवर स्नेहलजवळ बसली. मोकळी हवा लागते.

२० मे, बुधवार

घरात शांतता. स्नेहल उलट बोलत नाही, सुलटही बोलत नाही. पोक्तपणा आला.

दुपारी गेलो तर स्टूल रिकामं. तिने सगळ्या सुया आणि दोऱ्याची गुंडी आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणे, राहू द्या तुमच्याजवळ. गुरूनेच दक्षिणा दिली. असं कुठे ऐकलं नव्हतं.

संघदीपने कशासाठी तरी पेटी उघडली होती. कागदात गुंडाळलेले दोन हार घेऊन आला आणि माझ्या पुढ्यात ठेवले. मी म्हटलं, छान विणले आहेत, पुढच्या लग्नात वापरू. तो म्हणे, बाबा. मी म्हटलं, बोल. तो पेटी बंद करून बाहेर गेला. मी बराच वेळ थांबलो होतो.

भागीरथाने सगळं पाहिलं. ती म्हणे, फोटोत फर्म आली का मग?

आली ना. दोऱ्यासकट आली.

२४ मे, रविवार

मागच्या खोलीतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज. पुठ्ठ्याची खोकी. स्टीलची भांडी एकात एक जात आहेत.

संघदीप संध्याकाळी म्हणाला की ते नागपूरला चालले. मी म्हटलं, जा, पाहून या, चार दिवस हवापालट. अडवणारा मी कोण? घट्ट धरलं की पोरं उलट करतात. आपला टेम्पो ने म्हटलं तर म्हणे, मुन्नालालची गाडी सांगितली हाये. घरच्या गाडीला डिझेल लागलं असतं. पोरगा हिशेबी झाला.

३१ मे, रविवार

गेले. भागीरथा पण गेली. नव्या जागी चूल लावून देते म्हणे, आठ दिवसात येते.

पाटा-वरवंटा सोबत नेला. आठ दिवसांसाठी पाटा कोण नेते? पण तिला मिक्सरचं वाटण चालत नाही, मला माहीत आहे. शालीकरामने पाटा उचलून गाडीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांभाळून ठेव.

स्नेहल पाया पडली. मी म्हटलं, लवकर या. ती म्हणे, तब्येत जपा मामाजी. पदर घेतला नव्हता. प्रवासात उकडते.

७ जून, रविवार

आठ दिवस झाले. ट्रेन लेट असतील.

भात करतो. वर शिजतो, खाली लागतो. मधला चांगला असतो.

पावसाआधीची दोन लग्नं होती. संघदीप नसल्यामुळे शालीकराम वर चढला, खाली उतरल्यावर म्हणे, मालक, माह्या जागी बी आता मानूस पाहून घ्या दुसरा. थकला आहे. चेष्टा करतो.

त्यानेच बातमी आणली. संघदीपच्या कंपनीत आता स्नेहलची फुलं लागणार आहेत, मोठमोठ्या हॉलमध्ये. बायांना शिकवायला पण लागली. ऐकून छाती भरून आली. कोणाच्या घरातून शिकून गेली?

दुपारी मागच्या खोलीत स्टुलावर बसून एक फूल केलं. पाच पाकळ्या आल्या. बरोबर पाच. दाखवायला बाहेर आलो, मग पुन्हा आत गेलो.

तीनदा फोन लावला. उचलत नाहीत. नागपूरला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

१४ जून, रविवार

सकाळी भागीरथाचा फोन आला. स्वतःहून.

म्हणे, पेटीतल्या माह्या साड्या बांधून बसवाल्याजवळ देजा, सारखी तीच दोन नेसून राहिली. मी म्हटलं, इतक्या कशाला, येणारच आहेस ना. ती म्हणे, स्वेटर बी टाकजा त्याच्यात. जून महिन्यात स्वेटर. नागपूरला हिवाळा लवकर लागत असेल.

मग मी म्हटलं, पाच पाकळ्यांचं फूल जमलं मला. ती म्हणे, बरं झालं. मी म्हटलं, स्नेहलला सांग. ती म्हणे, सांगतो.

मागे कोणीतरी बाई आली, शेजारची असावी. तिने विचारलं, मावशी, मिस्टरांचा फोन का? भागीरथा म्हणे, नाई वो बाई. मंडपवाला होय, गोंदियाचा. हिशेब विचारून राहिला.

हे ती फोनवर हात ठेवून बोलली. हात ठेवला तरी मला ऐकू येते. लग्नाला तीस वर्षं झाली, तिला हे माहीत आहे.

साड्या काढल्या. स्वेटर सापडलं नाही. उद्याच्या बसने पाठवतो.